इम्प्लांटचा दात बसवून घेण्यापूर्वी

गेल्या काही वर्षांत वस्तीच्या नाक्यावर, रिक्षाच्या पाठीमागे आणि मोबाईलवर एकच जाहिरात वेगवेगळ्या रंगांत दिसते. ‘तीन दिवसांत पक्के दात.’ ‘कवळीपासून कायमची सुटका.’ ‘सुलभ हप्त्यांची सोय.’ विहारात किंवा समाजमंदिरात मोफत दंत तपासणी शिबिर भरते, तिथेही दात पडलेल्या माणसाच्या हातात शेवटी एक चिठ्ठी येते आणि तिच्यावर लिहिलेले असते ‘इम्प्लांट’. जितके दात पडले तितके इम्प्लांट, आणि समोर आकडा. काही घरांत तो आकडा वाचून सगळे गप्प बसतात. काही घरांत कमावती लेक म्हणते, ‘आईने आमच्यासाठी आयुष्यभर खस्ता खाल्ल्या, तिला पक्के दात बसवूनच देते,’ आणि दुसऱ्या दिवशी कर्जाच्या कागदावर सही होते. नेमके काय होणार आहे, किती महिने लागणार आहेत, हे दोन्ही घरांना कोणी नीट सांगितलेले नसते. ते या वेळी पाहू.

आधीच एक गोष्ट स्पष्ट करतो. इम्प्लांट ही फसवणूक नाही. ती सिद्ध झालेली, चांगली उपचारपद्धती आहे. योग्य माणसाला, योग्य हाताने बसवलेले शंभर इम्प्लांट घेतले तर दहा वर्षांनंतरही नव्वदहून अधिक टिकलेले दिसतात. पण ते हाडातले ऑपरेशन आहे. त्याला महिने लागतात, स्वच्छ तोंड लागते आणि पुढे जन्मभर निगा लागते. आणि त्यात घाई करण्यासारखे फारसे काही नसते. ‘आजच ठरवा, उद्या सवलत संपेल’ असे ज्या दवाखान्यात ऐकू येईल तिथून चहा प्यायला म्हणून उठून यावे.

इम्प्लांट म्हणजे काय?

आपल्या दाताचा जेवढा भाग दिसतो त्याहून मोठा भाग हिरडीखाली हाडात रुतलेला असतो. ते मूळ. दात काढला की मूळही जाते. इम्प्लांट म्हणजे त्या मुळाच्या जागी जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियम धातूचा छोटा स्क्रू. साधारण एक सेंटीमीटर लांब आणि चार मिलिमीटर जाड. त्याच्यावर एक जोडतुकडा बसतो, त्याला डॉक्टर ‘अबटमेंट’ म्हणतात. आणि त्यावर कॅप, म्हणजे दिसणारा दात. स्क्रू, जोड आणि कॅप असे हे तीन वेगवेगळे भाग असतात. हे लक्षात ठेवा, कारण पैशांचा घोळ नेमका इथेच होतो.

याचा शोध गमतीने लागला. १९५२ च्या सुमारास स्वीडनमध्ये पर-इंग्वार ब्रोनेमार्क नावाचे संशोधक सशाच्या पायाच्या हाडातला रक्तप्रवाह पाहत होते. त्यासाठी त्यांनी हाडात टायटॅनियमची एक बारीक नळी बसवली होती. अभ्यास संपला, नळी काढायला गेले, तर ती निघेना. हाडाने तिला घट्ट धरले होते. पुढे १९६५ साली त्यांनी योस्टा लार्सन या रुग्णाच्या जबड्यात पहिल्यांदा असे स्क्रू बसवले. लार्सन २००६ साली वारले तोवर, म्हणजे चाळीस वर्षे, ते त्यांच्या तोंडात होते.

म्हणजे इम्प्लांट सिमेंटने चिकटवलेले नसते. आपलेच हाड वाढून त्याला धरते. आणि हाड आपल्या गतीने वाढते. खालच्या जबड्यात साधारण तीन महिने, वरच्या जबड्यात हाड भुसभुशीत असल्याने चार ते सहा महिने. पाय मोडल्यावर प्लॅस्टर लवकर काढा म्हणून आपण हट्ट धरत नाही, तसेच हे.

मग ‘तीन दिवसांत दात’ हे खोटे का? सरसकट खोटे नाही. हाड भक्कम असेल, स्क्रू पहिल्या दिवशीच घट्ट बसला असेल, तर काही रुग्णांना काही दिवसांत दात लावता येतात. पण बहुतेकदा ते तात्पुरते असतात आणि त्यावर भाकरी चावायची नसते. हाडाने धरण्याआधी स्क्रूवर जोर आला तर तो आत किंचित हलत राहतो, आणि हलणाऱ्या स्क्रूला हाड धरत नाही, भोवती नुसते मांस तयार होते. तेव्हा ‘तीन दिवसांत’ म्हणणाऱ्या डॉक्टरला सरळ विचारा : हे दात तात्पुरते की कायमचे? माझ्या हाडाचा स्कॅन पाहून तुम्ही हे सांगता आहात की सगळ्यांनाच सांगता?

खुर्चीवर बसल्यावर काय होते

पहिल्या भेटीत ऑपरेशन होत नाही, होऊ नये. आधी तोंडाची पूर्ण तपासणी, जबड्याचा मोठा एक्स-रे आणि बहुतेक वेळा जबड्याचा थ्री-डी स्कॅन, ज्याला सीबीसीटी म्हणतात. तो कशासाठी? खालच्या जबड्यातून एक नस जाते, तिच्यामुळे खालच्या ओठाला आणि हनुवटीला स्पर्श कळतो. वरच्या दाढांच्या वर गालाच्या हाडात हवेची पोकळी असते, तिला सायनस म्हणतात. स्क्रू नसेला लागला तर ओठ बधिर राहू शकतो, सायनसमध्ये शिरला तर तिथे जंतुसंसर्ग होऊ शकतो. नस किती खोल आहे, हाड किती रुंद आहे, हे स्कॅनशिवाय अंदाजाने सांगणे धोक्याचे. त्याबरोबर रक्ताची तपासणी, त्यात साखर आलीच.

ऑपरेशन त्या जागेपुरती भूल देऊन होते. एका इम्प्लांटला साधारण अर्धा ते एक तास. दुखत नाही, पण दाब आणि घरघर जाणवते, घाबरून जाऊ नये. हिरडी उघडून हाडात बारीक भोक पाडतात आणि ते टप्प्याटप्प्याने रुंद करतात. त्या वेळी भोकावर सलाईनचे पाणी सतत सोडलेले असते. त्यामागे कारण आहे. हाड ४७ अंश सेल्सियसला मिनिटभर तापले तरी तिथल्या पेशी मरू लागतात, आणि मेलेले हाड स्क्रूला धरत नाही. म्हणून ड्रिल सावकाश आणि थंड ठेवून चालवावे लागते. मग स्क्रू बसवून टाके घालतात. टाके आठवड्या-दहा दिवसांनी निघतात. त्यानंतर थांबायचे. हाडाने धरले की हिरडी थोडी उघडून जोड बसवतात, माप घेतात आणि शेवटी कॅप. म्हणजे पाच-सहा फेऱ्या, आणि एकूण चार ते आठ महिने. रोजंदारीवर जाणाऱ्याने इतके खाडे होतील का, हा हिशेबही आधीच करायचा.

हाड कमी असेल तर हाडाची पावडर भरतात, त्याला ‘बोन ग्राफ्ट’ म्हणतात. दात काढल्यानंतर पहिल्या वर्षात त्या जागेच्या हाडाची रुंदी जवळजवळ निम्म्याने कमी होऊ शकते, म्हणून जुन्या रिकाम्या जागी ग्राफ्टची गरज जास्त पडते. ही पावडर कधी रुग्णाच्याच हाडाची असते, कधी गाय-डुक्कर यांच्या हाडापासून शुद्ध केलेली, कधी मृत दात्याच्या हाडाची, कधी कारखान्यात तयार केलेली. कोणती वापरणार हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. ग्राफ्टचा खर्च वेगळा असतो आणि थांबण्याचे महिनेही वाढतात.

मिश्री, खर्रा आणि साखर

हा भाग मी मुद्दाम लांबवतो आहे, कारण आपल्या घरांत इम्प्लांट निकामी होण्याची कारणे बहुतेक इथेच सापडतात.

मावशी म्हणतात, ‘मी तंबाखू खात नाही हो, नुसती मिश्री लावते.’ मिश्री म्हणजे भाजून कुटलेली तंबाखूच. ती बोटाने हिरडीवर घासली की तंबाखू थेट त्या जागी लागते जिथे जखम भरायची आहे. गुटखा, खर्रा, मावा, गायछाप यांचेही तेच. विडी-सिगारेटमुळे हिरडीचा रक्तपुरवठा कमी होतो, आणि ओढणाऱ्यांत इम्प्लांट निकामी होण्याचे प्रमाण न ओढणाऱ्यांच्या साधारण दुप्पट आढळते. ऑपरेशनच्या आधी निदान दोन-तीन आठवडे आणि नंतर हाड धरेपर्यंत हे सगळे बंद ठेवावे लागते. खरे तर कायमचेच. डॉक्टरांपासून लपवू नका. ते ओरडतील या भीतीने ‘नाही’ म्हटले तर पैसे तुमचे जातात, त्यांचे नाही.

सुपारी-खर्रा खाणाऱ्यांनी आणखी एक पाहावे. आपल्याच हाताची तीन बोटे एकावर एक उभी धरून पुढच्या वरच्या आणि खालच्या दातांच्या मध्ये घाला. जात नसतील, तिखट लागले की तोंडाची आग होत असेल, गालाची आतली बाजू पांढरट आणि ताठ झाली असेल, तर सुपारीने तोंड आक्रसू लागले आहे. ही कर्करोगाच्या आधीची अवस्था मानली जाते. अशा तोंडात मागच्या दाढेपर्यंत ड्रिल पोहोचतही नाही. तेव्हा इम्प्लांटचा विचार बाजूला ठेवून आधी तोंडाची तपासणी. दोन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा पांढरा-लाल चट्टा असेल तर तीही त्याच वेळी दाखवा.

मधुमेह असला म्हणजे इम्प्लांट होत नाही, हा समज चुकीचा आहे. साखर आटोक्यात असली की होते. त्यासाठी त्या दिवशीची साखर पुरत नाही, तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी ही तपासणी करतात. ती सातच्या आसपास असेल तर बहुतेकांना हरकत नसते. आठच्या वर असेल तर अनेक डॉक्टर आधी साखर खाली आणायला सांगतात, आणि ते बरोबर आहे. साखर वाढलेली असताना जखम भरत नाही आणि हिरड्या झपाट्याने खराब होतात. ही तपासणी न करताच कोणी तारीख देत असेल तर सावध व्हा.

औषधांची पिशवी सोबत न्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. दातांचे डॉक्टर आणि हृदयाचे डॉक्टर यांनी मिळून ते ठरवायचे. हृदयात कृत्रिम झडप असेल, नुकताच हार्ट अटॅक येऊन गेला असेल, तर ते आधी सांगा. आणि एक गोष्ट फार कमी लोक सांगतात : हाडे ठिसूळ झाली म्हणून आठवड्याची गोळी किंवा वर्षाचे इंजेक्शन घेत असाल, किंवा कर्करोग हाडात पसरू नये म्हणून इंजेक्शने चालू असतील, तर जबड्यात ऑपरेशन केल्यावर तिथले हाड सडण्याचा धोका असतो. गोळीत तो फार कमी, कर्करोगाच्या इंजेक्शनात बराच जास्त. तोंडाच्या कर्करोगासाठी जबड्याला ‘शेक’ म्हणजे रेडिएशन दिलेले असेल तरी हाच धोका. बाई गरोदर असेल तर बाळंतपण होऊ द्यावे. मुलांचा जबडा वाढायचा असतो, तेव्हा पंधरा वर्षांच्या मुलाचा पुढचा दात खेळताना गेला तर तूर्त काढता-घालता दात द्यावा, इम्प्लांट वाढ पूर्ण झाल्यावर. म्हातारपण मात्र अडचण नाही. सत्तरीतल्या माणसालाही तब्येत बरी असेल तर इम्प्लांट बसते.

सगळ्यांना इम्प्लांटच हवे का?

नाही. सगळ्यात चांगला दात म्हणजे आपला स्वतःचा. किडलेली दाढ रूट कॅनल करून वाचत असेल तर ती काढून तिथे इम्प्लांट बसवण्यात शहाणपण नाही. ‘दाढ काढूनच टाका’ असे म्हणण्याची आपली जुनी सवय आहे, कारण काढणे स्वस्त पडते. पुढे त्या रिकाम्या जागेचा खर्च अनेक पटींनी होतो. शेजारचा दात जागेकडे कलतो, समोरचा दात लांबतो.

दात गेलाच असेल तर तीन मार्ग असतात. काढता-घालता दात किंवा कवळी, शेजारचे दात घासून त्यावर बसवलेला ब्रिज आणि इम्प्लांट. ब्रिज तीन-चार आठवड्यांच्या आत होतो, पण त्यासाठी शेजारचे चांगले दातही घासावे लागतात. कवळी सगळ्यात स्वस्त, ऑपरेशन नाही, शासकीय दवाखान्यातही मिळते. नीट माप घेऊन केलेल्या कवळीने माणूस वर्षानुवर्षे जेवतो. कवळी लावण्यात कमीपणा काहीच नाही. जाहिराती तो वाटायला लावतात, कारण त्यांना महागडा माल विकायचा असतो.

सगळे दात गेलेल्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वरची कवळी टाळूला धरून बसते, त्रास देते ती खालची, बोलताना जिभेने उचलली जाते. खालच्या जबड्यात फक्त दोन इम्प्लांट बसवून त्यांवर कवळी बटणासारखी अडकवता येते. २००२ साली कॅनडात मॉन्ट्रियल येथे जमलेल्या तज्ज्ञांनी खालच्या दातविरहित जबड्यासाठी हा किमान योग्य उपचार मानावा असे म्हटले. संपूर्ण जबड्याला पक्के दात बसवण्यापेक्षा याचा खर्च पुष्कळ कमी येतो. तुमच्या डॉक्टरने हा पर्याय सांगितलाच नसेल तर तुम्ही विचारा. तसेच, ओळीने तीन दात नसतील तर तीन इम्प्लांट लागतीलच असे नाही, अनेकदा दोनांवर तीन दातांचा ब्रिज होतो. आणि अक्कलदाढेच्या जागी कोणी इम्प्लांट सुचवत असेल तर ते फक्त बिल वाढवणे आहे.

रस्त्याच्या कडेला बसून, जुन्या दातांना मसाला चिकटवून ‘फिक्स दात’ करून देणारे अजून बाजारात दिसतात. तो मसाला हिरडीवर घट्ट बसतो, खाली अन्न सडते आणि धड दातही हलू लागतात. नोंदणी नसताना दातांचा धंदा करणे कायद्याने गुन्हा आहे.

आकडा आणि सही

खासगी दवाखान्यात एका इम्प्लांटचा खर्च शहर, कंपनी आणि डॉक्टर यांप्रमाणे पंचवीस-तीस हजारांपासून पन्नास हजार आणि त्याच्याही वर जातो. जाहिरातीत याहून फार कमी आकडा दिसला तर तो बहुधा नुसत्या स्क्रूचा असतो. वर सांगितलेले तीन भाग आठवा. स्क्रू, जोड, कॅप, स्कॅन, ग्राफ्ट लागले तर ग्राफ्ट, आणि औषधे, या प्रत्येकाची रक्कम दवाखान्याच्या लेटरहेडवर लिहून मागा. इम्प्लांट कोणत्या कंपनीचे, तेही. ‘लाइफटाइम वॉरंटी’ म्हटले तर ती कशाची, हे विचारा. बहुतेकदा कंपनी स्क्रू बदलून देते. पुन्हा ऑपरेशन, पुन्हा स्कॅन, नवी कॅप यांचे पैसे तुम्हीच भरता. निकामी झाले तर किती पैसे परत किंवा काय सवलत, हे आधी कागदावर आले तरच त्याला अर्थ.

हप्त्यांविषयी विशेष सांगायला हवे. दवाखान्यात मिळणारा हप्ता दवाखान्याचा नसतो, तो फायनान्स कंपनीचा असतो. कंपनी सगळी रक्कम दवाखान्याला आधीच देते, आणि कर्ज तुमच्या नावावर चढते. उपचार अर्धवट राहिला, डॉक्टर बदलला, दवाखान्याला कुलूप लागले, तरी हप्ता थांबत नाही. चुकला तर सिबिल खराब होते आणि उद्या घरासाठी किंवा मुलांच्या शिक्षणासाठी कर्ज काढताना तेच आडवे येते. ‘बिनव्याजी’ असले तरी प्रक्रिया शुल्क, दंड यांची चौकशी करा. कर्जाची मुख्य माहिती एकत्र देणारे ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ सहीच्या आधी देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. ते घरी आणा, शिकलेल्या मुलाला-मुलीला वाचायला लावा. मोबाईलवर आलेला ओटीपी दवाखान्यातल्या माणसाला ‘फक्त चौकशीसाठी’ म्हणून सांगू नका.

त्याहून बरा मार्ग म्हणजे टप्प्याने पैसे. ऑपरेशनच्या दिवशी एक भाग, कॅपच्या वेळी उरलेला. उपचारच चार-सहा महिने चालतो, तेव्हा सगळे पैसे पहिल्याच दिवशी का द्यायचे? बरेच चांगले डॉक्टर याला तयार असतात. बचत गटातून घेतलेले कर्जही अनेकदा स्वस्त पडते.

डॉक्टरांची पदवी पाहा. बीडीएस असो वा एमडीएस, राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावलेला असला पाहिजे. ‘आतापर्यंत असे किती केले, आणि ऑपरेशन तुम्ही करणार की बाहेरून डॉक्टर येणार?’ हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. बाहेरून तज्ज्ञ येत असतील तरी हरकत नाही, पण रात्री काही झाले तर फोन कोणाला करायचा हे ठरलेले हवे.

संमतीपत्र इंग्रजीत असते. न वाचता सही करू नका, मराठीत समजावून मागा. तुम्हाला समजेल अशा भाषेत सांगून मग संमती घेणे, ही डॉक्टरची जबाबदारी आहे.

शासकीय दंत महाविद्यालये मुंबईत सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात, नागपूरला आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. मुंबई सेंट्रलला महानगरपालिकेचे नायर दंत महाविद्यालय आहे. तपासणी, एक्स-रे, दात काढणे, कवळी यांचा खर्च तिथे खासगीच्या मानाने फारच कमी. इम्प्लांट करून मिळेल का, सामानाचे पैसे किती, रांग किती लांब, हे तिथेच विचारावे. फेऱ्या जास्त पडतात, विद्यार्थी डॉक्टर वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करतात, पण विकायची घाई कोणाला नसते. दुसरे मत घ्यायला तरी एकदा जरूर जावे. अपघातात जबडा मोडला असेल किंवा तोंडाच्या कर्करोगाचे ऑपरेशन असेल, तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी आधी करा.

ऑपरेशननंतर

पहिले दोन-तीन दिवस गाल सुजतो. पहिल्या दिवशी बाहेरून बर्फ लावा, शेकू नका. पहिल्या चोवीस तासांत जोराने चूळ भरायची नाही, थुंकायचे नाही, स्ट्रॉने काही ओढायचे नाही, नाहीतर जखमेवरची रक्ताची गाठ सुटते. खायला गार-कोमट आणि मऊ : मऊ भात-वरण, खिचडी, नाचणीची आंबील, ताकात कुस्करलेली पोळी. तिखट रस्सा आठवडाभर लांब ठेवा. अँटिबायोटिकच्या गोळ्या दुखणे थांबले म्हणून मध्येच सोडायच्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून डॉक्टरने दिलेल्या औषधाने हलक्या हाताने गुळण्या, आणि बाकीचे दात ब्रशने रोज घासायचे. जखमेला हात लागेल म्हणून अख्खे तोंडच न घासणारे बरेच जण असतात. त्याने जंतू वाढतात.

भूल काही तासांत उतरते. दुसऱ्या दिवशी सकाळीही ओठ किंवा हनुवटी बधिर असेल तर ‘उतरेल हळूहळू’ म्हणत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. स्क्रू नसेवर दाबत असेल तर तो लवकर काढला किंवा मागे घेतला तरच नस सुधारण्याची आशा जास्त असते. दुखणे तिसऱ्या दिवसानंतर कमी होण्याऐवजी वाढले, ताप आला, पू आला, रक्त दाबून धरूनही थांबेना, तरी थेट जायचे.

पुढे कधी दात हलल्यासारखा वाटला तर घाबरण्याआधी एक फरक समजून घ्या. नुसती कॅप किंवा जोडाचा स्क्रू सैल झाला असेल तर तो पुन्हा आवळता येतो. पण हाडातले इम्प्लांटच हलत असेल तर ते निकामी झाले आहे, ते काढावेच लागते. कोणते झाले आहे हे डॉक्टरच सांगतील, म्हणून सैल झालेला दात वापरत राहू नका.

इम्प्लांटला कीड लागत नाही हे खरे. म्हणून पुष्कळ लोक निर्धास्त होतात. पण त्याच्या भोवतीची हिरडी आणि हाड आपलेच असते, आणि तिथे घाण साचली की हाड झिजत जाते, तेही बहुधा न दुखता. घासताना रक्त येणे, हिरडी लाल होणे, स्क्रूचा धातू दिसू लागणे ही त्याची चिन्हे. रोज दोनदा ब्रश, फटीत घालायचा बारीक ब्रश, आणि सहा महिन्यांनी एकदा तपासणी, एवढे आयुष्यभर. ज्यांचे दात हिरड्या खराब होऊन पडले त्यांना हे अधिकच लागू, कारण ज्या रोगाने दात गेले तोच रोग इम्प्लांटच्या भोवती येतो. आधी हिरड्यांचा इलाज, मग इम्प्लांट, हा क्रम उलटा करणाऱ्यांचे पैसे वाया जातात.

काही बिघडले आणि दवाखाना दाद देत नसेल तर आधी लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. पैसे देऊन घेतलेला वैद्यकीय उपचार ग्राहक कायद्याखाली येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच स्पष्ट केले आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर विचारता येते. जिल्हा ग्राहक आयोगात, उपचारासाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. डॉक्टरची चूक नसतानाही इम्प्लांट निकामी होऊ शकते, हेही ध्यानात ठेवावे. तिथे कागद बोलतात. पक्के बिल, स्कॅन, औषधांच्या चिठ्ठ्या, संमतीपत्राची प्रत, हे सगळे एका पिशवीत ठेवा.

त्याच पिशवीत आणखी एक गोष्ट हवी. इम्प्लांटच्या डबीवर एक छोटा स्टिकर असतो, त्यावर कंपनीचे नाव, स्क्रूचे माप आणि लॉट नंबर छापलेला असतो. डॉक्टर तो आपल्या नोंदीत लावतात आणि दुसरा रुग्णाच्या कार्डावर लावून देतात. तो मागून घ्या. प्रत्येक कंपनीचा जोड वेगळा, तो आवळायचा पेचकसही वेगळा. पाच वर्षांनी तुम्ही पुण्याहून नागपूरला राहायला गेलात आणि तिथे जोड सैल झाला, तर तो स्टिकर पाहिल्याशिवाय नवा डॉक्टर काय आणि कशाने आवळणार?